आत्याच्या वाडीतलं रेतीचं जोतं

काळजी करण्यात आमच्या घराण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी कोपऱ्यावरून परत येते. त्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या एका छोट्या साप्ताहिकात होते, आणि पृथ्वी तापतेय, समुद्र चढणार आहे, असल्या इंग्रजी लेखांचं मराठी करायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात पडलं होतं. दुष्काळात तेरावा महिना! मी लिहायचे आणि मीच घाबरायचे.

अशात समुद्रकाठच्या चिंचणीहून आत्याचा निरोप आला. माझा आतेभाऊ प्रभाकर, म्हणजे आमचा परभ्या, वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला नवं घर बांधायला निघाला होता. जुनं घर पाडून त्याचंच लाकूड वापरायचं होतं, म्हणजे एकदा पाडलं की माघार नाही. "मीना त्या समुद्राचं कायबाय लिवते ना? मग येऊन सांग म्हणावं, बांदू का नको," एवढाच निरोप. संपादकांना सांगितलं तर ते खूश. म्हणाले, "जा, आणि येताना लेख घेऊन या. आपल्या मातीतला हवा, ध्रुवावरचा बर्फ पुरे झाला."

तुम्ही नाशिककडून जाणार असाल तर रस्ता अजूनही तोच आहे: त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. सकाळची एसटी पकडा, डावीकडची खिडकी घ्या आणि जव्हारला थांबली की पोटभर खाऊन घ्या, कारण पुढची वळणं रिकाम्या पोटाला सोसत नाहीत. मी गेले तेव्हा वैशाख होता. डोंगरउतारावर जागोजागी धूर दिसत होता. रोपांची जागा पालापाचोळा टाकून भाजतात, त्याला राब म्हणतात. शेजारी वीटभट्टीवरून गावी परतणारी एक बाई होती, मांडीवर भांड्यांचं गाठोडं. मी विचारलं, "राब लवकर नाही का भाजला?"

"लवकर का उशिरा, आता कोन सांगल?" ती म्हणाली. "पाऊस पयलेसारका येत नाय. आमी आपलं भाजून ठेवतो."

मी वही काढली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. ती ज्या शांतपणे बोलली होती, तो शांतपणा मला लिहिता आला नसता.

पालघरला गाडी बदलून बोईसरला उतरले, तर आधी वास आला. डोळ्यांत पाणी आणणारा, आंबूस, कारखान्यांचा वास. स्टँडजवळच्या नाल्याचं पाणी चक्क तांबडं होतं. मी पदर नाकाला लावून चहा घेत होते. बाकावरचा एक कामगार हसून म्हणाला, "मैडम, दो दिन रहो, फिर पता भी नहीं चलेगा." त्याला धीर द्यायचा होता, पण मला त्या वाक्याचीच भीती वाटली.

परभ्या कारखान्यातली पाळी संपवून स्कूटरवर आला. त्याच्या शर्टालाही तोच वास. "ताई, नाक कशाला धरतेस? ह्याच वासावर घर उभं राहतंय," असं म्हणून त्याने माझी पिशवी पायाशी ठेवली. तारापूरची वाट मागे पडली, ताडांच्या रांगा सुरू झाल्या, वारा खारट झाला आणि मला जरा हायसं वाटलं.

ते वाडीत शिरेपर्यंतच टिकलं. आत्याच्या वाडीपुढे रेतीचा एक उंच बांध होता. माणसाने घातलेला नाही, वाऱ्याने वर्षानुवर्षं रचलेला. त्यावर जाड पानांची, जांभळ्या फुलांची समुद्रवेल पसरलेली असायची. लहानपणी आम्ही त्यावरून घसरायचो. आता त्या बांधाच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढी खिंड पडली होती, आणि खिंडीतून समुद्र सरळ दिसत होता. खिंडीच्या अलीकडे दगडाचं नवं जोतं, माझ्या कमरेच्याही वर.

"एवढं उंच?" मी विचारलं.

"मग! तूच लिवलंस ना पानी चडनार म्हणून? आयेनं वाचून घेतलं माज्याकडून. म्हटलं, जोतं उंच घेऊ. अख्ख्या आळीत एवढं उंच नाय कुणाचं."

"आणि आत भरलंय काय?"

"रेती. ही काय, समोरचीच. फुकट हाय."

समुद्राच्या भीतीने परभ्याने घर उंच केलं होतं, आणि ते उंच करायला समुद्र अडवणारा बांधच खणून आत भरला होता. त्यात त्याचं एकट्याचं काही चुकलं असंही नाही. आळीतली सगळीच जोती समोरच्या रेतीने भरलेली. फक्त बाकीची बुटकी होती.

रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आत्याने दुसरी भाकरी वाढता वाढता विचारलंच, "मग? बांदू का नको गो?"

मी म्हटलं, "शास्त्रज्ञ म्हणतात पुढच्या शंभर वर्षांत..."

"शंबर वर्सांचं नको. परभ्याचं लगीन हाय पुढच्या साली."

समुद्र किती चढेल, कधी चढेल, वाचलेलं सगळं आठवत होतं. पण या खिंडीतून, या वाडीत, कधी? नाशिकला बसून जगाला सावध करणं सोपं असतं. समोर परभ्या जेवत होता, आणि त्याचं हसू मोडायची मला हिंमत झाली नाही. "उद्या बघून सांगते," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी चक्क पळ काढून शिरगावचा किल्ला बघायला गेले. किल्ला छान आहे, तटावरून समुद्र दिसतो, पाणी आणि टोपी न्या. मला मात्र तटाचे दगड बघून एकच आठवत होतं: याच्या आत काय भरलं असेल?

परतले तेव्हा ठरवूनच आले. परभ्याला खिंडीत नेलं आणि सांगितलं, "तू भिंत काढून ओटा बांधलास. ही रेती परत घाल. घर रस्त्याच्या अंगाला घे."

तो भडकला. "गवंडी लावलाय, लाकूड ठरलंय, आन तू आता सांगतेस? हजार वर्सांचा दर्या हाय, कदी आत आला काय?" रात्री त्याने माझ्याकडे पाठ करून जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आमच्या किनाऱ्याला अमावास्येचं उधाण दुपारी येतं, त्यात पश्चिमेचा वारा सुटला होता. आम्ही जुन्या घराच्या ओट्यावर ताडगोळे सोलत बसलो होतो. आत्या एकदम उठली. खिंडीतून पाणी आत येत होतं. लाट वगैरे काही नाही, अंगणात सांडलेल्या पाण्यासारखं, फेस पुढे ढकलत. ते जोत्याला वळसा घालून पानवेलींच्या वाफ्यात शिरलं आणि विहिरीच्या कठड्यापाशी थांबलं. जोतं कोरडंच होतं. परभ्याचा हिशेब तेवढा बरोबर निघाला.

पाणी ओसरलं. मग आत्याने वाफ्यातली माती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि थुंकली. परभ्याने फावडं घेतलं, जोत्यावर चढला आणि रेती बाहेर टाकायला लागला. आत्याने घमेलं उचललं, दुसरं मी. गवंडी आला तेव्हा तो आधी हसला, मग त्यानेही लुंगी खोचली. खिंडीकडे जाता-येता परभ्या एकदाच म्हणाला, "ताई, येल पन परत लावाया लागल." वेल आत्याने लावली, कांड्या खोचून, पाया पडून.

घरी आले. लेख छापून आला. संपादकांनी विचारलं होतं, "पण हे पाणी पृथ्वी तापल्यामुळे आलं की रेती उपसल्यामुळे?" मला वेगळं काढता आलं नाही, आजही येत नाही. परभ्याने घर रस्त्याच्या अंगाला बांधलं, त्याचं लग्नही तिथेच झालं. आत्या गेली, पण विहीर गोड असतानाच गेली, याचं मला फार समाधान आहे. रिकामं जोतं मात्र त्याने तसंच ठेवलं. खिंड बुजली, वेल माजली, पुढे सुरूची झाडंही लागली.

तेव्हापासून दर वैशाखातल्या अमावास्येला दुपारी मी फोन करते. "परभ्या, पाणी कुठवर?" तो म्हणतो, "हाय तितंच हाय, तू जेव." मग मी जेवते. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नाही.

यंदा त्याने फोन उचलला तो बाहेरूनच. मागे वारा ऐकू येत होता. म्हणाला, "ताई, बांद हाय तसाच हाय, मी जुन्या जोत्यात उभा हाय. पानी घोट्याला लागतंय."