अल्लाले वऱ्हाडी समजते

रशीदभाई कव्वालीला बसले की आधी पेटीला हात लावत नसत. नुसती टाळी देत. मंगरूळपीरच्या दर्ग्यासमोर उरुसाची गर्दी कितीही कालवा करत असो, त्या टाळीनं माणसं हळूहळू गप्प होत. मग ते म्हणत, "विलास, आता येऊ दे." तेव्हा कुठे माझा ढोलक सुरू व्हायचा.

त्यांची कव्वाली उर्दूत उघडायची आणि मध्येच वऱ्हाडीत शिरायची. जुन्या गायकांना ते पसंत नव्हतं. एकानं तोंडावर सांगितलं, ही बाजारातली बोली दर्ग्यात आणू नका. रशीदभाई शांतपणे म्हणाले, "काहून? अल्लाले वऱ्हाडी समजत नाही काय?" पुढे कारंजापासून मेडशीपर्यंत लग्नाकार्यात लोक तीच गाणी मागू लागले.

मग त्यांचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र लगेच काढावं लागेल. त्यांच्या बायकोनं, नसीमभाभींनी, दवाखान्याच्या पायरीवरच रशीदभाईंची विनवणी केली, आत्ताच ऑपरेशन करून घ्या म्हणून. ते म्हणाले, "उरूस होऊ दे. मंग काय कापाचं ते कापा."

त्या उरुसात त्यांचा आवाज फाटत होता. लोकांना वाटलं, भक्तीनं कंठ दाटलाय. इतकी दाद त्यांना कधी मिळाली नव्हती. मी शेजारी बसून वाजवत होतो. त्यांच्या रुमालावरचं रक्त मला दिसत होतं.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं. पुढे त्यांचा धाकटा भाऊ सलीम गायला बसू लागला, रशीदभाई मागच्या रांगेत. सलीमला घाई फार. तो पळू लागला की मागून टाळी जड पडे आणि तो मुकाट लयीत येई. बोलणं मात्र संपलंच होतं. घरी काही हवं असलं की ते ताटलीवर चमचा वाजवत. दुखणं पुढे फुप्फुसात उतरलं आणि भर उन्हाळ्यात ते गेले.

त्यांची गाणी आता कुणीही गातं. कितीतरी जणांना ती कुणाची हेही ठाऊक नाही. शेवटच्या उरुसाचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला गेलो तेव्हा मी नसीमभाभींना विचारलं, तुमच्या फोनवर टाकून देऊ का? त्यांनी थोडं ऐकलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"याच्यात तं गानंच हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले 'नसीम, पानी आन' म्हनत, ते कुठी हाय?"