हसण्यावरचा पहारा

आमच्या घरात दीड वर्ष माझ्या हसण्यावर पहारा होता. रडलं तर चालायचं. रडले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा करून द्यायच्या आणि पाठीवरून हात फिरवायच्या. पण जरा मोठ्यानं हसले की हातातलं काम टाकून दारात हजर. "गोळी घेतली काय वं?" घेतली म्हटलं तरी जीभ बाहेर काढून दाखवावी लागे. मला असा राग यायचा की सांगता सोय नाही. पण रागावायचीही चोरी, कारण रागावले की पुन्हा तेच, "गोळी घेतली काय?"

आमचं गाव मारेगावकडचं, आणि कापसाची वाईट वर्षं होती ती. कापसाचा विषय निघाला की माणसं खाली पाहत. आरोग्यवाले गाडी घेऊन यायचे, घरोघरी कागद भरायचे आणि सांगून जायचे की घरात कोणी गप्प गप्प राहत असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. अख्खं गाव गप्प माणसांवर लक्ष ठेवून होतं. हसते म्हणून जिच्यावर लक्ष ठेवायचं, अशी मी एकटीच. एकदा त्या कागदवाल्या पोरीनं मला विचारलं, "ताई, मन उदास राहतं का?" मी म्हटलं, "उदासबी राह्यते, पण आधी मले खुशीचा आजार होते." तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. खुशीसाठी त्यात रकानाच नव्हता.

गंमत नाही, आजार खरा होता. आधी खुशी आली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. माझी झोप उडाली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट वाटलं की आजवर झोपण्यात उगाच जन्म घालवला. बोलणं असं सुटलं की ऐकणारे थकून बदलायचे, मी काही थकत नव्हते. आणि माया! साऱ्या जगाची माया दाटून आली. त्या मायेच्या भरात मी घरातली भांडी वाटून टाकली. माझ्या लग्नातली, नाव घातलेली भांडी. बांगड्या विकायला आलेल्या बाईला परात दिली, शेजारणीला गंज, म्हणजे पातेली, दिली, पोस्टमनला पितळेचा हंडा दिला. तो बिचारा सायकलवर हंडा घेऊन कुठं जाणार? त्यानं तो गुपचूप शाळेत नेऊन ठेवला, पोरं त्यातलं पाणी प्यायची.

त्या दिवसांची मला लाज वाटते. आणि खोटं कायले बोलू, त्यांची आठवणही येते. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. मग तो एकाएकी ओसरला आणि त्याच्यामागून दुसरं आलं. दोन महिने मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. मुलगी फणी घेऊन जवळ येऊन बसायची आणि माझा हात उचलत नसे. ती थोडा वेळ वाट पाहायची, मग आजीकडं जायची. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, भांग वाकडा पडायचा. तो वाकडा भांग मला पडल्या जागेवरून दिसायचा आणि तरीही हात उचलत नसे. याच्याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही.

शेवटी नवऱ्यानं यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "तीन गोष्टी पाहत जा. झोप कमी झाली का, बोलणं आवरेनासं झालं का, वस्तू वाटत सुटली का. बाकी तिला हसू द्या, बोलू द्या." नवऱ्यानं मान हलवली. आत्याबाईंनीही हलवली. पण घरी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली, माझं हसू. त्याला कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. पहिल्या खेपेला मी हसत होते तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. सून खुशीत आहे, घर कसं भरल्यासारखं वाटतं, असं त्या शेजारी सांगून आल्या होत्या. ती चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती. म्हणून त्यांनी आपलं अंथरूण ओसरीवरून उचललं आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्याला आडवं घातलं. मला पाणी प्यायला जायचं तरी त्यांना ओलांडून जावं लागे.

मी बरी होत गेले. गोळ्यांनी हात थोडे थरथरायचे, पण झोप लागू लागली, मुलीची वेणी मी घालू लागले. फक्त हसणं बंद. बाहेरच्यांचं जाऊ द्या, मलाच माझी धास्ती वाटायची. पोटातून हसू आलं की मी विचारात पडायचे, हे माझं की आजाराचं? एकदा मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "माय, हसू नको नं, आजी पाह्यून राह्यली." त्या दिवशी मी ठरवलं, आता बस झालं.

मला परत टोळीत जायचं होतं. लग्न झाल्यापासून मी गावातल्या बायांबरोबर कापूस वेचायला जात होते. सहा जणी, त्यांची मुकादमीण एक म्हातारी मावशी, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. एकेक तास, म्हणजे कापसाची ओळ, धरून चालायचं, कमरेची ओटी कापसानं भरायची आणि चालता चालता साऱ्या गावाची टर उडवायची. माझं सासर नि माहेर एक झालं ते त्या ओळींमध्येच. मी नवऱ्याला सरळ म्हटलं, "यंदा मी जाणार." तो म्हणाला, "आपल्या वावरातली पह्यली वेचणी होऊ दे. थो दिवस नीट गेला तं जाय. नाई तं घरीच राह्य, मले पुन्हा थे नाई पाह्यवत." त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी भांडले नाही. एका दिवसावर माझा सगळा हंगाम आला.

पहिल्या वेचणीला आमच्याकडं सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात कापसाच्या पाच पऱ्हाट्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा, प्रसाद सगळ्यांनी खायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. हे काम आत्याबाईंचं. त्यांनी आदल्या दिवशी कडीच्या डब्यात दही लावलं होतं. दिवाळी जवळ आली म्हणून चुलीमागची भिंत पांढरी करायला मी दुसऱ्या कडीच्या डब्यात चुना भिजवला होता. डब्यातच का, तर भांडी होती कुठं घरात? मी वाटून टाकली होती नं! दोन सारखे डबे तेवढे उरले होते.

सकाळी टोळीतल्या बायांना घेऊन शेतात पोचलो. नवरा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बैल सोडत होता. आत्याबाईंनी पळसाच्या पानावर भात काढला, डब्यातलं दही त्यावर ओतलं आणि पळीनं पाची झाडांवर मोठ्या भक्तीनं शिंपडलं. "सीतामाय, घर भर वं," म्हणाल्या. मग प्रसादाचा पहिला घास पळीनंच मावशीच्या तळहातावर ठेवला. मावशीनं खर्रा थुंकला, हात तोंडाकडं नेला. तेवढ्यात वाऱ्याबरोबर मला वास आला, ओल्या भिंतीचा वास.

मी मावशीचा हात धरला. "थांब! थे दही नोहे, चुना होय!"

आणि मग माझं हसू सुटलं. आत्याबाईंचे मिटलेले डोळे, चुन्यानं टिपके टिपके झालेल्या पऱ्हाट्या, मावशीचा उघडा राहिलेला जबडा. मी खाली बसले, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षाचं साठलेलं हसू होतं ते. थांबता थांबेना.

पण दुसरं कोणी हसत नव्हतं. मी वर पाहिलं तर सगळ्या जणी माझ्याकडं पाहत होत्या. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी चुन्याकडं पाहिलंच नाही. धुऱ्याकडं वळून त्या ओरडल्या, "अरे, बैल जुप! इले यवतमाळले न्या लागते!" नवरा धावत आला.

माझं हसू तिथंच मेलं. गेला हंगाम, वाटलं. मग मी स्वतःलाच तपासलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. आणि उभी राहून नवऱ्याला म्हटलं, "पाहा. रात्रभर झोपली मी, आत्याबाई उंबऱ्यात होत्या, त्यायले विचारा. सकाळपासून दहा गोष्टी नाई बोलली. आन वाटाले घरात भांडं उरलंच कुठी? गोळी घेतली. मी हसून राह्यली, काहून का तुमच्या मायनं सीतामायले चुना चारला. याच्यावर जो हसत नाई त्यालेच न्या यवतमाळले!"

नवऱ्यानं खाली वाकून भाताचा वास घेतला. त्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण आईकडं पाहून त्यानं तो आवरला. मावशी मात्र तळहात लुगड्याला पुसत म्हणाली, "बापा! यंदा कापूस फकाफक पांढरा निंगते आता!" बाया खदखदल्या. आत्याबाई नाही. त्यांनी डब्याला कडी लावली आणि पळी धुवायला विहिरीकडं गेल्या. नवरा म्हणाला, "संध्याकाळी पाहू." दिवसभर मी वेचत होते, बोंडांच्या नख्या बोटांना टोचत होत्या आणि मी तोंडातून शब्द काढत नव्हते. न जाणो, कशाचा काय अर्थ निघायचा.

संध्याकाळी घरी आलो. मुलगी दारातच उभी, हात कोपरापर्यंत पांढरे. शाळेला सुटी होती, म्हणून चुलीमागच्या भिंतीचं काम तिला सांगितलं होतं. ती रडकुंडीला आली होती. "आजी, हा चुना लागूनच नाई राह्यला भिताडाले. दोनदा लावला. आन मांजर सारा चाटून राह्यली!"

आत जाऊन पाहिलं. भिंतीवर दह्याचे ओघळ, आणि मांजर मागच्या दोन पायांवर उभी राहून भिंत चाटत होती.

मी ओठ दातांखाली दाबले. नवऱ्यानं तोंड फिरवलं. आणि माझ्या मागून एक आवाज आला, घशात काही अडकावं तसा. आत्याबाई. त्यांनी चौकट धरली, मग खाली बसल्या आणि डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत हसल्या. "अवो माय... सीतामायले चुना... आन मांजरीले सीतादही..." पुढं बोलवेना त्यांना. मग मी सोडून दिलं, नवऱ्यानंही. चुलीपाशी बसून आम्ही तिघं हसत होतो आणि एकानं दुसऱ्याकडं पाहिलं की पुन्हा सुरू.

मुलगी एकदा आजीकडं पाही, एकदा माझ्याकडं. मग फार काळजीनं तिनं बापाला विचारलं, "बाबा, आजीले गोळी द्याची काय?"

आत्याबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पोरीला ओढून मांडीवर घेतलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "मंग, उद्या कसं?" आत्याबाईच म्हणाल्या, "कसं काय? उद्या इची भाकर मी बांधून देतो. त्या मावशीसंगं जाऊ दे इले."

आजार काही गेला नाही. नंतरही तो दोनदा आला, एकदा हसत आणि एकदा गप्प, आणि दोन्ही वेळा आम्ही तो झोपेवरून ओळखला. पण त्या संध्याकाळी भांडी घासून मी आत आले तर आत्याबाई उंबऱ्यातलं आपलं अंथरूण गुंडाळत होत्या. "कुठी चालल्या?" मी विचारलं. "ओसरीवर," त्या म्हणाल्या. "इथं हवा नाई लागत. तू हस बाई खुशाल, मले तिथूनबी आयकू येते."

मी दिवा मालवला आणि सकाळपर्यंत झोपले.