बर्फाची टाकी धुणाऱ्या बाई

कोपरगावच्या बर्फ कारखान्यात मी रसवंतीसाठी बर्फ घ्यायला जायचो. तिथे यंत्रं धुणाऱ्या बाईंचं नाव मला कधीच कळलं नाही. पदर खोचून त्या सतत काहीतरी घासत असायच्या. ऐन लग्नसराईत एकदा मालक म्हणाला, “मावशी, टाकी पुढच्या आठवड्यात धुवा. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

बाईंनी टाकीत हात घालून मूठभर शेवाळ त्याच्यापुढे धरलं. “ह्या पान्याचा बर्फ तुमच्या नातवाला चोखायला द्याल का?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी टाकीच्या तळाचा नळ उघडला. गटारात चाललेलं ते हिरवं पाणी बघून माझंही डोकं फिरलं.

“उद्यापासून येऊ नका!” मालक ओरडला.

“न्हाई येनार! पन आज टाकी धुऊनच जानार,” असं म्हणत त्या टाकीत उतरल्या.