चारचौघांतली माफी

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात सगळे तिला अक्का म्हणत. नर्सेसचे पांढरे गणवेश शिवणं हे तिचं काम. मशीनवर बसण्याआधी ती डोळे मिटून प्रार्थनेचे दोन शब्द पुटपुटायची. धर्मावर प्रवचन तिनं कधी कुणापुढे झोडलं नाही. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, तर त्याच्या आईच्या वाट्याच्या कॉलरी गुपचूप शिवून द्यायची, एवढंच.

त्या दिवशी मात्र तिचा तोल गेला. इस्त्री होऊन आलेल्या गणवेशाच्या छातीवर चांगला ठसठशीत पिवळट डाग!

"काका, डोळे आहेत की खाचा? जाळलात ना कपडा!"

इस्त्रीवाले काका वयानं वडील, मुलखाचे अबोल. "मी नाही गं, इस्त्री एवढी तापलीच नव्हती," ते म्हणाले.

"वर तोंड करून बोलता?"

सगळ्या मशिनी थांबल्या. काकांनी इस्त्री बंद केली आणि खाली मान घालून ते घरी निघून गेले.

दुपारी दुसऱ्या गणवेशावर तसाच डाग दिसला. त्याला तर अजून इस्त्री लागलीही नव्हती. अक्कानं आपल्या मशीनच्या सुईच्या दांड्यावरून बोट फिरवलं. बोट तेलानं माखलं. सकाळी मशीनला तेल घातल्यावर जादा तेल टिपायला चिंधीवर शिलाई मारून घ्यायला तीच विसरली होती.

रात्री जेवताना तिनं घडलेलं सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "साधा माणूस आहे गं. उद्या चहा पाज, विसरेल."

"बोलले चारचौघांत, आणि माफी कोपऱ्यात मागू?"

"लोक हसतील."

"हसू देत. गळ्यात क्रूस घालून फिरते मी. गप्प बसले तर लोक मला नाही, त्या क्रूसावरच्याला नावं ठेवतील."

दुसऱ्या दिवशी काम सुरू होताच ती उभी राहिली.

"जरा थांबा सगळे. काल मी काकांना नको नको ते बोलले. डाग माझ्या मशीनच्या तेलाचा होता. काका, चुकले मी. माफ करा."

काका कपड्यावर पाणी शिंपडत राहिले. एकाच जागी इतकं, की कापड चिंब झालं. शेवटी म्हणाले, "बस गं बाई. झालं."

काजं-बटणं करणाऱ्या बाईची जीभ म्हणजे कात्री. तिनं दातानं दोरा तोडला. मग म्हणाली, "अक्का, तुमच्या चर्चमध्ये असलं शिकवतात होय?"

"शिकवतात गं. माझ्याच टाळक्यात उशिरा शिरतं." तेव्हा कुठे सगळे हसले.

संध्याकाळी काका दाराशी रेंगाळले. "परवा बायकोचं ऑपरेशन आहे. मी काही तुझ्या देवाचा नाही. पण तू रोज बोलतेस ना त्याच्याशी..."

"काय सांगू त्याला?"

"ती फार घाबरलीय. एवढंच सांग."

"सांगते. आणि काका, परवा मी रजा टाकते. काकूंना आत नेईपर्यंत त्यांच्याजवळ बसते."

ती बसली. काकूंनी तिचा हात असा घट्ट धरला होता, की नखांचे वळ उठले. ऑपरेशन नीट पार पडलं. काकांनी देव बदलला नाही, अक्कानंही तो विषय काढला नाही. पण आताशा काकूंना काही दुखलंखुपलं, की काका आधी डॉक्टरांना गाठतात आणि मग अक्काला.