जोडीच्या मूर्तीवरून

पौषातल्या दुपारी जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात शिरले की आधी ओल्या शाडूचा गारवा नाकाला लागतो, मग उन्हाने दिपलेले डोळे सावरतात आणि रंग न लागलेले, राखाडी गणपती रांगेने दिसू लागतात. ताईच्या सासरचा हा कारखाना. बाहेर भातकापणीनंतरच्या शेतांत वाल फुलावर आला होता आणि आत ताई, अंडाशयाच्या कर्करोगाची दुसरी केमो सोसून, डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसली होती. रोह्याहून मी तिला माझ्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट सांगायला आले होते आणि तासभर वालाच्या पिकाबद्दल बोलत होते. मी मुळातच भित्री.

वाळलेल्या मूर्तीचा हात मोडला तर ताई तो तसाच चिकटवत नसे. मोडलेली कड आणखी थोडी खरवडून, त्याच साच्यातली जोडीची मूर्ती शेजारी ठेवून, तिच्यावरून बोटे फिरवत ती गेलेला भाग नव्या मातीने भरून घेई. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पेशीही हेच करते: डीएनएचे दोन्ही धागे तुटले की टोके खरवडली जातात, उघडा पडलेला धागा नुकत्याच घडलेल्या जुळ्या प्रतीत शिरतो आणि हरवलेला मजकूर तिच्यावरून उतरवून घेतो. रंगीत खडूंनी हे फळ्यावर काढताना मला केवढा आनंद होई! त्या दुरुस्तीचे एक जनुक ताईत जन्मतःच सदोष निघाले. त्याची दुसऱ्या पालकाकडून आलेली धड प्रत इतकी वर्षे निभावून नेत होती; एखाद्या पेशीत तीही गेली, आणि मग तिथे उरली ती, जुळी प्रत न पाहता केलेली, घाईची जोडणी.

ताई आजारी पडल्यापासून दुरुस्तीचे काम तिच्या दिराकडे आले होते. त्याने एका मूर्तीचा मोडका हात नुकताच बसवून ठेवला होता.

"भाऊजी, जोडीची मूर्ती बघितली नाय तुम्ही," ताई म्हणाली. "मधला तुकडा ऱ्हायला. हात आखूड झालाय."

"रंग दिल्यावर कोणाला दिसतंय, वैनी."

"दिसत नाय म्हनूनच सांगते."

तो हसून बाहेर गेला. मला हसू आले नाही. त्या शांत, सुबक, अर्ध्या बोटाने चुकलेल्या हाताकडे मी पाहत राहिले.

"तुझा रिपोर्ट आला ना गो?" ताईने माझ्याकडे न बघता विचारले.

"आला. माझ्यातही तेच आहे."

ती रडली नाही. माती न लागलेले हात सवयीने पदराला पुसत राहिली, आणि म्हणाली, "आनि मयूचं?"

माझी लेक मयुरी एकोणीस वर्षांची आहे, शनिवारी वसतिगृहातून घरी येईल, तिच्या आवडीचे वालाचे बिरडे मला करायचे आहे. वर्गात मी मोठ्या विश्वासाने सांगत आले, की तूट भरून निघेपर्यंत पेशी थांबते, आपली प्रत पुढे देत नाही. मयुरीच्या वेळी मी थांबले नव्हते. थांबायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.