‘इतर’चा चौकोन

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी दादरच्या एका संशोधन कार्यालयात तात्पुरती मदतनीस होते. गिरणी वस्तीतल्या कुटुंबांची पाहणी व्हायची होती. प्रश्नावली लोकांनी घरी बसून स्वतःच भरायची, आपण फक्त वाटायची आणि गोळा करायची, अशी पद्धत. मराठी मसुदा माझ्याकडे होता.

भाषेच्या प्रश्नावरून बैठकीत रणं माजली. मुंबई कोणाची हा वाद रस्त्यावर पेटलेला, त्यामुळे ‘मातृभाषा’ लिहायचं की ‘घरात बोलता ती भाषा’, यावर मोठी शिकलेली माणसं हमरीतुमरीवर आली. धर्माच्या प्रश्नाकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, इतर. एका चौकोनात खूण करा.

“यात बौद्ध घालायला हवं,” मी म्हटलं.

आमच्या प्रमुख बाई हुशार आणि तितक्याच कडक. “मागच्या पाहणीत हेच होते. रकाने बदलले तर तुलना कशाशी करायची? आणि ‘इतर’ आहे की.”

माझं टाळकंच सरकलं. नायगावच्या आमच्या चाळीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन देव्हारे रिकामे केले त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि आम्ही सगळे आता इतर? पण नोकरी तात्पुरती, म्हणून शब्द गिळले. माझा चेहरा पाहून बाईंनीच तोड काढली. छपाईआधी थोड्या घरांत चाचणी घ्यायची. लोक अडखळले तर चौकोन वाढवू, खुणा नीट आल्या तर विषय संपला. अट एकच, भरणाऱ्याला काही सुचवायचं नाही.

परक्याच्या हातून कागद घ्यायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. पोलीस कधी कुणाला उचलतील याचा नेम नव्हता. म्हणून आमचाच मजला ठरला.

रविवारी सकाळी कागद वाटले. शेजारची मावशी पेन्सिल घेऊन दारात हजर. “पोरी, आपली खूण कुठं गं करायची?”

“तुम्हाला वाटेल तिथं.”

“वाटेल तिथं म्हंजे? मग शिकलीस कशाला?” ती फणकाऱ्यानं गेली.

घरात आबा, माझे वडील, कागद घेऊन बसले होते. गिरणीतून आल्यावर रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकलेला माणूस. एकेक प्रश्न ओठ हलवत वाचत होते. धर्मापाशी पेन्सिल थांबली.

“हेच्यावर नाव न्हाय ना?”

“नाही.”

“चाळ आन मजला हाय.”

माझा भाऊ कॉलेजात शिकत होता, आमच्या जुन्या जातीला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर. धर्म बदलणाऱ्यांची सवलत जाणार, अशी कुजबुज सगळीकडे होती. मला ओरडावंसं वाटत होतं, आबा, कोरं सोडा, नुसतं कोरं सोडा! याच माणसानं घरातले देव स्वतःच्या हातानं उतरवले होते.

त्यांनी ‘हिंदू’वर खूण केली. चौकोनाबाहेर रेघ जाऊ न देता.

“पोराचं शेवटचं वरीस हाय,” माझ्याकडे न बघता म्हणाले. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते अजूनही धड सांगता येत नाही.

सोमवारी बाईंनी कागद टेबलावर पसरले. बहुतेकांनी तो प्रश्न कोराच ठेवला होता. काहींनी समासात ‘बौद्ध’ लिहिलं होतं. मावशीनं तर सगळ्या चौकोनांवर काट मारून खाली नवा चौकोनच काढला होता. बाईंनी सगळे कागद पुन्हा एकदा चाळले.

“ठीक आहे. बौद्ध घाला.” मग त्यांनी एक कागद उचलला. “हा बघ. एकानं तरी सूचनेप्रमाणे भरलंय. समजूतदार माणूस दिसतो.”

“हो,” मी म्हटलं. आणि मसुदा घेऊन टंकलेखकाकडे गेले.

संध्याकाळी बातमी सांगितली तेव्हा आबा इतके खूश झाले की गॅलरीत जाऊन त्यांनी मजला गोळा केला. लोक हसत होते, मावशीची पाठ थोपटत होते. थोड्या वेळानं आबा आत आले आणि हळूच म्हणाले, “माझा कागद फाडलास न्हवं?”

“फाडता येत नाही, आबा. आला तसाच ठेवावा लागतो.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. बाहेरून लोक हाका मारत होते, पण ते पुन्हा गॅलरीत गेले नाहीत.