थांबाबाई

तेलुगू मुलखातल्या आमच्या गुडीहत्नूरच्या घरात कोणी तोंड उघडलं की फिजिओथेरपीवाल्या बाई हात वर करून म्हणायच्या, "थांबा!" मराठीत आम्हाला, उर्दूत शेजारच्या चाचांना, तेलुगूत थेट डॉक्टरांना. त्यांचं नावच थांबाबाई पडलं आणि ते त्यांना भलतंच आवडलं.

बाबांना लकवा मारला होता. बोलायला फार वेळ लागायचा. पाय चालेल असं डॉक्टर सांगत होते, पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. ते आता कधीच उठणार नाहीत, या धास्तीनं आईचं जेवण सुटलं होतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "बाबा, चहा कसा पाहिजे?" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "बिनसाखरेचा!"

"थांबा! मी तुमाले इचारून राह्यली का?" आणि बाई आईच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलत खुशाल बसल्या. पुष्कळ वेळानं बाबा म्हणाले, "आलं... घालून." आईला हसू की रडू तेच कळेना.

मग बाईंनी विचारलं, "बाबा, चालाले काऊन नाई म्हनता?" माझा भाऊ मध्येच म्हणाला, "हिंमत खचली त्यायची." पुन्हा थांबा, पुन्हा शेंगा. शेवटी बाबांनी ओठावरून बोट फिरवलं.

"मिशी. कोन... मेलं आपल्या घरी?"

आम्ही सगळे भावाकडे वळलो. भरवताना घास लागतो म्हणून भावानं त्यांची मिशी साफ उडवली होती. बाप गेला की मुलानं मिशी उतरवायची, ही आमच्याकडची रीत. या पठ्ठ्यानं जिवंत बापाचीच उतरवली, तीही न विचारता! बाबांची रोजची बैठक हायवेवरच्या हॉटेलात; अशा तोंडानं तिथं बसायचं कसं? बाई इतक्या हसल्या की मांडीवरचं सूप उपडं झालं. मग बाबाही हसले, आजारानंतर पहिल्यांदा.

"तं मिशी येऊ द्या. तवर खाटेवरच व्यायाम करू. चालते?"

"चालते," बाबा म्हणाले.

पुढे घरात मिशीचाच उत्सव. आई खोबरेल लावायची, चाचा रोज येऊन वाढ तपासायचे, भाऊ आरसा धरून उभा. मिशीला पीळ बसला त्या सकाळी बाबांनी काठी मागितली आणि ओट्यापर्यंत चालत आले. आम्ही येड्यासारखे नाचलो.

आम्हाला बाईंचा फार लळा लागला होता. त्यांनी मात्र बाबांनाच विचारलं, "आता मी उद्यापासून येऊ का नको?"

"या! या!" आम्ही कोकललो. बाई बाबांकडे बघत राहिल्या.

"नको येऊ," बाबा म्हणाले. "आता मीच... येतो तुह्याकडे."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आई आत पळाली आणि माळ्यावर टाकून दिलेल्या बाबांच्या चपला शोधायला लागली.